फोन चालू ठेवणारा माणूस

कुठल्याही अनोळखी जागी गेला की श्रीरंग खातू आधी भिंती न्याहाळायचा. लॉजची खोली असो, एसटी स्टँडवरची कंट्रोलरची केबिन असो, नाहीतर एखाद्या जिनिंग मिलचं ऑफिस. बोर्ड कुठे आहे, त्यावर मोकळा प्लग आहे का, त्यात करंट आहे का, पिन घट्ट बसते का, हे कळेपर्यंत समोर ठेवलेलं पाणीसुद्धा तो प्यायचा नाही. लोकांना वाटायचं, स्टॅबिलायझर दुरुस्त करणारा माणूस, धंद्याची सवय असेल.

धंदा तोच होता. वसई पूर्वेला सातिवलीत एका शेडमध्ये मिलसाठी लागणारे मोठाले स्टॅबिलायझर बनायचे. ते जिथे जिथे जायचे तिथे तिथे नंतर श्रीरंग जायचा. महिन्यातले वीस दिवस तो जळगाव, मलकापूर, अकोला, बऱ्हाणपूर असा फिरत असे. हातात एक हत्यारांची बॅग आणि एक पत्र्याची पेटी. उरलेले दहा दिवस विरारला फुलपाड्याच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. लग्न झालेलं नव्हतं.

हे घर त्याने अठ्ठ्याऐंशी साली घेतलं, तेव्हा घरात तिघं होती. आई, तो आणि त्याच्याहून बारा वर्षांनी लहान परेश. वडील परेशच्या जन्मानंतर वर्षभरातच गेलेले, त्यामुळे भावाला शाळेत घालण्यापासून ते त्याला सायकल शिकवण्यापर्यंत सगळं श्रीरंगनेच केलं. मुलगा हुशार होता. आयटीआय केलं, वायरमनचा परवाना काढला, भायखळ्याला एका कंपनीत लागला. आणि मग एक दिवस कामावरून दुपारीच घरी आला आणि पुन्हा गेलाच नाही. भांडण झालं होतं असंही नाही. आतल्या खोलीत कान झाकून बसायचा. कधी दोन दोन दिवस बोलायचा नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, गावी देवीला नेऊन झालं. याला काय झालंय हे नीट कोणी सांगितलं नाही, आणि श्रीरंगसाठी सांगून आलेली दोन स्थळं मात्र ‘भाऊ असा आहे’ म्हणून परत गेली.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात, एका रविवारी, जेवताना श्रीरंग त्याला एक वाक्य बोलला. आई आत भात आणायला गेली होती.

“माझं वय चाळीस झालं, परेश. ते सगळं तुला सांभाळण्यात गेलं.”

परेशने मान वर केली नाही. ताटातलं संपवलं, ताट उचलून मोरीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंग कामावर गेल्यावर आणि आई दळण आणायला खाली उतरल्यावर तो निघून गेला. अंगावरचे कपडे आणि पायातल्या चपला, बाकी काही नेलं नाही.

पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो दिला. ते वाक्य मात्र श्रीरंगने कोणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. आईने आपली गादी टेलिफोनशेजारी आणून टाकली. त्यानंतर पाच वर्षं ती घराबाहेर पडली ती फक्त दवाखान्यापुरती. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायच्या, ती म्हणायची, फोन येईल. फोन यायचे, पण ते सातिवलीहून, नाहीतर गावाहून.

दोन हजार दोनच्या मार्गशीर्षात आई गेली. दिवसकार्य उरकल्यावर चार दिवसांनी श्रीरंगला खामगावला निघायचं होतं. त्याने गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि जिन्याच्या तीन पायऱ्या उतरला तोच आत टेलिफोन वाजायला लागला. परत फिरून कुलूप उघडेपर्यंत वेळ गेला. हात घाईत होते, किल्ली फिरेना. आत शिरला तेव्हा वाजणं थांबलं होतं. तो फोन कोणाचाही असू शकत होता. पण बॅग खांद्याला तशीच ठेवून तो तासभर त्या फोनसमोर बसला आणि त्याची गाडी चुकली.

त्याच आठवड्यात त्याने मालकाकडे मोबाईल मागितला. मालकाने नवा घेतला होता, जुना त्याला दिला. श्रीरंगने दोनशे चिठ्ठ्या छापून घेतल्या. त्यावर एवढंच होतं: ‘परेश, घरच्या टेलिफोनऐवजी आता या नंबरवर फोन कर. कधीही कर. दादा.’ आई गेल्याचं त्याने लिहिलं नाही. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरून हे कळावं असं त्याला वाटेना. भुसावळ, जळगाव, अकोला, जिथे काम निघेल तिथल्या स्टेशनवर आणि स्टँडवर तो खळीचा डबा घेऊन हिंडला. मुंबई, वसईत तर लावल्याच.

आणि मग तो फोन चालू ठेवायचं काम सुरू झालं. घरी बसणाऱ्याला त्यात काही वाटणार नाही. पण फिरतीवरच्या माणसाला तेव्हा ते फार जड जायचं. त्या जुन्या फोनची बॅटरी दीड दिवस टिकायची, आणि रेंज नसलेल्या भागातून गाडी गेली की त्याहून लवकर उतरायची. स्लीपरच्या डब्यात बेसिनजवळच्या आरशाखाली कधी एखादा प्लग असायचा, दाढीच्या मशिनसाठी ठेवलेला. तो सैल असायचा. पिनेत काडेपेटीची काडी खुपसून, फोन हातात धरून, श्रीरंग जळगावपासून इगतपुरीपर्यंत तिथे उभा राहायचा. लोक तोंड धुवायला यायचे, तो बाजूला व्हायचा, पुन्हा जागेवर यायचा. गावांत लोडशेडिंग सुरू झालेलं. बारा-बारा तास वीज नाही. न्हाव्याकडे वीज आली म्हणून कळलं की तो दाढी नसताना दाढीला बसायचा. मुक्कामाच्या लॉजमध्ये गाद्या कशा आहेत हे न विचारता जनरेटर आहे का ते विचारायचा.

यावर उपाय काढला तो फर्डिनंडने. हा त्याचा पापडीचा मित्र, शेडमधला जुना सहकारी. आता त्याचं स्वतःचं काम होतं: लग्नांना लाइटिंग आणि जनरेटर पुरवायचे, बॅटऱ्या भरून द्यायच्या. चर्चच्या मागच्या गल्लीत, वाडीतल्या चिकूंच्या सावलीत त्याची पत्र्याची शेड होती. त्याने संगणकाच्या यूपीएसमधली बारा व्होल्टची बॅटरी घेतली, बिस्किटांच्या चौकोनी डब्यात बसवली, आत फोम भरला आणि झाकणाला भोक पाडून मोटारीत असतं तसं सॉकेट लावलं. त्यात मोटारीचा चार्जर खुपसला की फोन भरायला लागायचा. एकदा भरली की पेटी आठवडाभर पुरायची. वजन तीन किलोच्या वर होतं. फर्डिनंड म्हणाला, खांद्याला पट्टा लावून देतो, नाहीतर तू एका बाजूला कलशील.

त्या पेटीमुळे श्रीरंग गाडीत ओळखीचा झाला. कोणाचा फोन बंद पडला की कोणीतरी सांगायचं, त्या काकांकडे डबा आहे. फौजी यायचे, परीक्षेला चाललेल्या मुली यायच्या, आजारी नातेवाइकाकडे निघालेले यायचे. श्रीरंग कोणाला नाही म्हणायचा नाही. फक्त स्वतःचा फोन आधी भरून घ्यायचा. मग लोक त्याच्या शेजारी बसून, वायर ताणून धरून, आपापल्या घरी बोलायचे. भाजी काय केली, बाळ झोपलं का, स्टेशनवर घ्यायला कोण येतंय. तो खिडकीबाहेर बघत बसायचा, पण ऐकू सगळं यायचं. बोलून झालं की ते त्याला थँक्यू म्हणायचे आणि आपल्या बर्थवर जायचे.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यानंतर मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये उभा असताना त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर नंबर नव्हता. तेव्हा गावाकडच्या बूथवरून केलेल्या फोनचा नंबर बऱ्याचदा दिसायचाच नाही. श्रीरंगने हॅलो म्हटलं. पलीकडे कोणी बोललं नाही, पण ठेवलंही नाही. श्वास ऐकू येत होता. मग फोन कट झाला.

महिना-दीड महिन्याने पुन्हा तसाच आला. पुढे तसे येतच राहिले. तिसऱ्या वेळेपासून श्रीरंग बोलायला लागला. मी अकोल्याला आहे. जेवण झालंय. गुडघा दुखतो थोडा, बाकी ठीक. उद्या विरारला जाईन. असं दहा-पंधरा सेकंदांचं, पत्र वाचून दाखवावं तसं. परेशचं नाव मात्र तो घ्यायचा नाही. नाव घेतलं आणि फोन कायमचा बंद झाला तर, अशी त्याला भीती वाटायची.

फर्डिनंडला त्याने हे एकदा सांगितलं. फर्डिनंड म्हणाला, “आणि एखादा भलताच माणूस निघाला तर?”

“तर त्याला कळलं असेल, माझा गुडघा दुखतो.”

दोन हजार पाचच्या जुलैतला तो पूर आला तेव्हा श्रीरंग फिरतीवर नव्हता, घरीच होता, आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन बंद पडला. पेटी बॅटरी बदलायला सातिवलीच्या शेडमध्ये ठेवलेली, आणि शेडमध्ये छातीएवढं पाणी. विरारची वीज गेली ती आलीच नाही. पहिल्या दिवशी त्याने फोन बंद-चालू करत पुरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी स्क्रीन काळी झाली. बिल्डिंगमधल्या रिक्षावाल्याच्या बॅटरीत पाणी शिरलं होतं. दुकानं बंद होती. खोलीतल्या गाद्यासुद्धा ओल आल्याने वास मारायला लागल्या. पाच दिवस लोक दूध, मेणबत्त्या आणि पिण्याचं पाणी शोधत होते आणि हा माणूस चार्जर खिशात घालून हिंडत होता. एकाने विचारलं, कोणाला फोन करायचाय. श्रीरंग म्हणाला, करायचा नाही कोणाला.

सहाव्या दिवशी पाणी ओसरलं तसा तो चालत पापडीला गेला. चिखलातून तीन तास लागले. फर्डिनंडने लग्नाचा जनरेटर चालू करून गावातल्या लोकांचे फोन टेबलावर ओळीने मांडले होते. त्याने श्रीरंगचा पहिला लावला. फोन सुरू झाला, पण टॉवरच बंद होता. रेंज संध्याकाळी आली. त्यानंतर पुढचे चार महिने एकही निनावी फोन आला नाही. श्रीरंगला वाटलं, संपलं. दिवाळीनंतर तो पुन्हा वाजला, तेव्हा श्रीरंगने आपण कुठे आहोत ते दोनदा सांगितलं.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत तो अकोल्याहून भुसावळला येत असताना फोन आला आणि या वेळी स्क्रीनवर आकडे उमटले. पूर्ण नंबर, पुढे जळगावकडचा कोड. तिकडच्या एक्स्चेंजमध्ये काही बदललं असावं. श्रीरंगने नेहमीप्रमाणे दोन वाक्यं सांगितली. फोन कट झाल्यावर त्याने नंबर आधी तळहातावर लिहून घेतला, आणि दहा मिनिटं थांबून लावला. रावेर तालुक्यातल्या एका गावचा बूथ होता. बूथवाला म्हणाला, आत्ता जो होता तो केळीच्या मळ्यात मोटरीवर असतो, पाटलांकडे. सात-आठ वर्षं झाली. महिन्या-दोन महिन्यांनी येतो, नंबर लावतो, बोलत काहीच नाही. आम्ही विचारणं सोडून दिलं. चांगला माणूस आहे, मोटर रिवाइंडिंग एक नंबर करतो.

श्रीरंगने नाव विचारलं. बूथवाला म्हणाला, परेशभाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रावेरची एसटी पकडून त्या गावी उतरला आणि मळा विचारत चालत गेला. दोन्ही बाजूंनी केळी, वाट अंधारी आणि थंड. टोकाला विहीर आणि विहिरीशेजारी पत्र्याची खोली. दारात एक दाढीवाला माणूस सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापत बसला होता. केस पांढरे झालेले. श्रीरंगने त्याला हातांवरून ओळखलं. वडिलांची बोटं होती.

परेशने वर बघितलं. उठला नाही, दचकलाही नाही. आत जाऊन पोतं आणलं आणि अंथरलं. तांब्या भरून ठेवला.

श्रीरंग पोत्यावर टेकला. मग परेशच म्हणाला, “पुराच्या वेळी तुझा फोन लागला नाही.”

“वीज नव्हती. पेटी पाण्यात गेली होती.”

“रोज जात होतो बूथवर. सातव्या दिवशी गाडी धरली. विरारला आलो.”

परेश ट्यूबचे तुकडे एकसारखे करत सांगत होता. समोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसला होता. बारा वाजता श्रीरंग गॅलरीत आला, त्याने गाद्या कठड्यावर टाकल्या, पाठीला हात लावून थोडा वेळ उभा राहिला आणि आत गेला. परेश तासभर बसून होता. मग स्टेशनवर परत गेला.

तो दिवस श्रीरंगला आठवत होता. गाद्या वाळत घातल्या होत्या, आणि ओल इतकी होती की त्या उचलताना पाठीत चमक भरली होती. समोरच्या ओट्यावर कोणी आहे का हे त्याने बघितलं नव्हतं.

“वर का नाही आलास?”

“तू होतास. तेवढंच बघायचं होतं.” परेशने आणखी एक तुकडा ओळीत ठेवला. “दोरीवर आईचं एकही पातळ नव्हतं. गाद्या बाहेर काढल्यात आणि आईचं काही वाळत नाही, म्हणजे आई नसणार. मग वर येऊन काय करणार होतो.”

श्रीरंगने तिचं सगळं सांगितलं. कधी गेली, काय होत होतं, फार त्रास झाला नाही. टेलिफोनशेजारच्या गादीचं सांगितलं नाही. परेश ऐकत होता. मध्ये एकदा उठून बाहेर गेला, विहिरीवर तोंड धुऊन आला.

मग दहा वर्षं जे अडकून होतं ते श्रीरंगने काढलं. म्हणाला, “त्या रविवारी मी जे बोललो ना, ते मी बोलायला नको होतं.”

“कुठल्या रविवारी?”

“तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी. जेवताना.”

परेशने खरोखर आठवून बघितलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “काय बोललास?”

श्रीरंगला ते वाक्य पुन्हा उच्चारता येईना. तो म्हणाला, जाऊ दे.

“मला आवाज सहन होत नव्हते, दादा. गाडीचे, शेजारच्या टीव्हीचे, आईच्या भांड्यांचे. इथे मोटर बंद झाली की काहीच नसतं. मी घरावर रागावून नाही गेलो.” मग त्याने विचारलं, “तू तसं समजत होतास का?”

श्रीरंगने मान हलवली, होय की नाही ते त्यालाही कळलं नाही. त्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. ज्या वाक्यासाठी तो आरशाखाली काडी धरून उभा राहिला, ते वाक्य भावाने ऐकलंच नव्हतं. आता ते एकट्या श्रीरंगचंच उरलं होतं.

दीडच्या सुमाराला खोलीतला लाल दिवा लागला. शेतीची वीज आली होती. परेश उठला, स्टार्टर दाबला, मोटर घुमायला लागली आणि पाटातून पाणी निघालं. मोटरीच्या आवाजाचा त्याला काही त्रास होत नव्हता. उलट त्याचा चेहरा सैल झाला. त्याने स्टोव्हवर खिचडी टाकली. दोघं जेवले. श्रीरंगने त्याला विरारला चल म्हणून एकदाच विचारलं. परेश म्हणाला, नको. श्रीरंगने आपला मोबाईल त्याला देऊ केला, दुसरा घेईन म्हणाला. तेही त्याने नको म्हटलं. वाजणारं काही जवळ नको. मी करेन, तू चालू ठेव.

संध्याकाळच्या एसटीने श्रीरंग परतला. परेश वाटेच्या तोंडापर्यंत आला आणि तिथूनच वळला.

त्यानंतर फोन येत राहिले. आता परेश एखाद-दुसरं वाक्य बोलायचा. या आठवड्यात लाइट सकाळची आहे. केळीवर करपा पडलाय. श्रीरंगही आपलं सांगायचा. फर्डिनंड म्हणाला, भाऊ सापडला, आता पेटी ठेव घरी. श्रीरंगने ठेवली नाही. बिल्डिंगमध्ये त्याने कोणाला काही सांगितलं नाही; सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग आणला का नाही. घरी आला की तो एका माणसाचा भात लावायचा, जेवायचा, फोन उशाशी घेऊन पडायचा.

पुढच्या वर्षी दिवाळीत तो न कळवता मळ्यावर गेला. कळवणार कसा, बूथवाल्याकडे निरोप ठेवला तरी परेश तिथे महिन्या-दोन महिन्यांनीच जायचा. खोलीला कडी होती, कुलूप नव्हतं. गडी म्हणाला, परेशभाऊ केळीच्या ट्रकबरोबर बऱ्हाणपूरला गेलेत, आज येतील का उद्या, सांगता येत नाही. श्रीरंग पोत्यावर बसून राहिला. नवा शर्ट आणला होता तो त्याने खुंटीला अडकवला. बरोबर आणलेला फराळ डब्यात काढून ठेवला, मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवला. दोन वाजता लाल दिवा लागला. गडी गावात गेलेला. श्रीरंगने स्टार्टर दाबला आणि फावडं घेऊन, त्याला जमेल तशी, एकेका सरीत पाण्याची वाट काढून दिली. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. पाच वाजता वीज गेली, मोटर थांबली. खरंच काही ऐकू येईनासं झालं. तो थोडा वेळ त्यात उभा राहिला आणि मग एसटी चुकू नये म्हणून निघाला.

तीन दिवसांनी, तो सातिवलीच्या शेडमध्ये असताना, फोन आला.

“मोटर तू लावलीस?” परेशने विचारलं.

“हो.”

“पाणी जास्त झालं. खालची सरी बसली.”

“मला कळलं नाही कुठे थांबवायचं.”

“होतं नवीन माणसाचं.” पलीकडे कोणीतरी बूथवर रांगेत उभं असावं, बोलणं ऐकू येत होतं. “शर्ट बरोबर बसला,” परेश म्हणाला, आणि फोन ठेवला.